देशाने धमकावले तर कंपनीने काय करावे?

दुकान फोडले गेले तर दुकानदार पोलिसांकडे जातो. परक्या देशाचे सैन्य सरहद्दीवर आले तर आपले सैन्य त्याला सामोरे जाते. या दोन्ही प्रसंगी कुणाचे काम कोणते, हे ठरलेले असते. पण एखाद्या परक्या सरकारने पदरी ठेवलेल्या माणसांनी हजारो किलोमीटर अंतरावरून एका खासगी कंपनीचे संगणक निकामी केले, तिची कागदपत्रे चव्हाट्यावर मांडली आणि 'आम्ही सांगतो तसे वागा, नाहीतर परिणाम भोगा' असा दम दिला, तर? याला चोरी म्हणायचे की युद्ध? कंपनीने कुणाकडे धाव घ्यायची? आणि तोवर स्वतः काय करायचे?

हे प्रश्न नुसते कल्पनेतले नाहीत. २०१४ साली अमेरिकेतील सोनी पिक्चर्स या चित्रपट कंपनीवर नेमका हाच प्रसंग आला. या लेखात आपण ती घटना थोडी तपशिलाने पाहू. तिच्या जोडीला आणखी काही उदाहरणे घेऊ. त्यांतली दोन तर आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचलेली आहेत. आणि मग अशा वेळी कंपनीने कसे वागावे, याचे काही नियम हाती लागतात का ते तपासू.

साधा चोर आणि सरकारी हल्लेखोर

साधा चोर हिशेबी असतो. कुलूप भक्कम दिसले की तो शेजारच्या घराकडे वळतो. त्याला वेळ कमी असतो आणि पकडले जाण्याची भीती असते. सरकारी हल्लेखोराचे तसे नसते. त्याला महिन्याचा पगार मिळतो. एकाच लक्ष्यामागे महिनोन्‌महिने लागून राहण्याची त्याला मुभा असते. तो आपल्या देशात बसून काम करतो आणि त्याचा देश त्याला दुसऱ्याच्या हवाली करत नाही.

त्याचे हेतूही निरनिराळे असतात. कधी हेरगिरी करायची असते, कधी नुसती नासधूस, कधी कुणाचे तोंड बंद करायचे असते. उत्तर कोरियासारख्या, आर्थिक निर्बंधांनी जखडलेल्या देशाच्या बाबतीत तर सरळ पैसाही हवा असतो.

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. 'आमचे दार कुणालाच उघडता येणार नाही' या भरवशावर राहून चालत नाही. दार भक्कम हवेच, पण शत्रू आत शिरलाच तर पुढे काय, याचे उत्तर आधीच तयार असावे लागते.

सोनी पिक्चर्समधला सोमवार

सोनी पिक्चर्स ही जपानच्या सोनी समूहाची अमेरिकेतील कंपनी. तिने 'द इंटरव्ह्यू' नावाचा एक विनोदी चित्रपट तयार केला होता. दोन अमेरिकन माणसे उत्तर कोरियाचे नेते किम जाँग उन यांची मुलाखत घ्यायला जातात आणि अमेरिकेची गुप्तहेर संघटना त्यांच्यावर किम यांना ठार करण्याची कामगिरी सोपवते, असे त्याचे कथानक. जून २०१४ मध्ये उत्तर कोरियाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे पत्र पाठवून, असा चित्रपट काढणे म्हणजे युद्धाचीच कृती आहे, अशी तक्रार केली.

त्यानंतर सप्टेंबरपासून कंपनीतील लोकांना फसवी ई-पत्रे येऊ लागली. ओळखीच्या जागेहून आल्यासारखे पत्र, त्यात एक दुवा. तो दाबला की संगणकात शिरकाव. हल्लेखोरांनी आत शिरून कित्येक आठवडे शांतपणे माहिती उपसली आणि कंपनीच्या सर्व्हरची नावे व पासवर्ड गोळा केले. पुढे वापरलेल्या विध्वंसक प्रोग्रामच्या आतच ही नावे आणि पासवर्ड लिहिलेले आढळले. म्हणजे तो प्रोग्राम याच एका कंपनीसाठी शिवून घेतलेला होता.

२१ नोव्हेंबरला काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना पैशाची मागणी करणारे पत्र आले. त्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. सोमवारी, २४ नोव्हेंबर २०१४ रोजी, कर्मचारी कामावर आले तेव्हा पडद्यांवर हाडांच्या सापळ्याचे चित्र आणि धमकी झळकत होती. 'गार्डियन्स ऑफ पीस', म्हणजे शांततेचे रक्षक, असे नाव हल्लेखोरांनी घेतले होते. काही तासांत कंपनीचे जवळपास निम्मे वैयक्तिक संगणक आणि निम्म्याहून अधिक सर्व्हर पुसले गेले.

'पुसले गेले' याचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे. आपण संगणकावरची एखादी फाइल काढून टाकतो, तेव्हा बहुधा ती माहिती लगेच नष्ट होत नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकाची सूचीतली नोंद खोडावी, तसा तो प्रकार असतो. पुस्तक फडताळात असतेच, पण ते कुठे आहे हे कळत नाही. नेटाने शोधले तर सापडूही शकते. सोनीवर सोडलेल्या प्रोग्रामने फडताळातल्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर शाई ओतली. मूळ माहितीच्या जागी निरर्थक माहिती पुन्हा पुन्हा लिहिली आणि संगणक सुरू होताना लागणाऱ्या प्राथमिक सूचनाही नष्ट केल्या. असा संगणक दुरुस्त होत नाही, तो पहिल्यापासून उभारावा लागतो.

कंपनी कागद-पेन्सिलीवर आली. अडगळीत पडलेले जुने ब्लॅकबेरी फोन शोधून वाटण्यात आले. निरोप एकाने दुसऱ्याला फोन करून पोचवायचे ठरले. पगाराचे धनादेश काढायला जुनी यंत्रे बाहेर आली. हे हास्यास्पद वाटेल, पण यामुळेच पगार वेळेवर झाले. संगणकाशिवाय आपले कोणते काम किती दिवस चालू राहू शकते, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारायला हवा.

मग दुसरा अंक सुरू झाला. चोरलेली माहिती टप्प्याटप्प्याने उघड होऊ लागली: प्रदर्शित न झालेले चित्रपट, पगाराचे आकडे, अधिकाऱ्यांची खासगी पत्रे. सुमारे ४७ हजार लोकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांकही त्यात होते. हा क्रमांक हाती लागला की अमेरिकेत दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढता येते. म्हणजे शिक्षा झाली ती चित्रपट काढणाऱ्यांपेक्षा साध्या कारकुनांना आणि माजी कर्मचाऱ्यांना. ५ डिसेंबरला तर कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही धोका असल्याचे पत्र त्यांना आले. वर्तमानपत्रे मात्र अधिकाऱ्यांच्या पत्रांतली कुचाळकी चवीने छापत राहिली, आणि हल्लेखोरांना तेच हवे होते.

हल्ला कुणी केला, हे कसे कळते?

हल्ल्यानंतर सगळ्यांचे बोट उत्तर कोरियाकडे वळले. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. जालावरचा हल्लेखोर आपला माग लपवण्यासाठी तिसऱ्याच देशातल्या, भलत्याच लोकांच्या संगणकांमधून वाट काढत येतो. मग तपास कसा होतो?

पुरावे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे हत्याराचे साम्य. सोनीवर वापरलेल्या प्रोग्रामचे काही भाग मार्च २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील बँका व दूरचित्रवाणी कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यातील प्रोग्रामशी जुळत होते. दुसरा म्हणजे वाटेचे साम्य: त्याच पत्त्यांवरून, त्याच मधल्या संगणकांमार्फत झालेली ये-जा. तिसरा म्हणजे निष्काळजीपणा. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या प्रमुखांनी जानेवारी २०१५ मध्ये सांगितले की, हल्लेखोर काही वेळा माग लपवायला विसरले आणि फक्त उत्तर कोरियाच वापरत असलेले इंटरनेट पत्ते उघडे पडले.

एफबीआयने उत्तर कोरियाचे नाव अधिकृतपणे घेतले ते १९ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर २५ दिवसांनी. उत्तर कोरियाने ते नाकारले. काही स्वतंत्र तज्ज्ञांनीही शंका घेतली, कारण सगळा पुरावा जनतेपुढे ठेवलेला नव्हता. बराचसा तपशील उघड झाला तो सप्टेंबर २०१८ मध्ये, अमेरिकेने एका उत्तर कोरियाई प्रोग्रामरवर आरोप ठेवले तेव्हा. सोनीवरील हल्ला, फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून झालेली ८ कोटी १० लाख डॉलरची चोरी आणि मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' ही खंडणीची साथ, या तिन्हींमागे एकच गट असल्याचे त्यात म्हटले होते.

यातला कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा. 'कोण?' या प्रश्नाच्या उत्तराला सरकारलाही काही आठवडे लागतात आणि ते लोकांना पटायला काही वर्षे. कंपनीला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी निर्णय घ्यायचे असतात. म्हणून तिची कामाची योजना 'कोण?' या उत्तरावर अवलंबून असता कामा नये.

धाकाचे गणित

आता पुन्हा डिसेंबर २०१४ कडे वळू. १६ डिसेंबरला हल्लेखोरांनी नवा संदेश दिला. ११ सप्टेंबर २००१ ची आठवण करून देऊन, हा चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांपासून दूर राहा, असे त्यात प्रेक्षकांना बजावले होते. असा काही प्रत्यक्ष कट शिजत असल्याची विश्वासार्ह माहिती नाही, असे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने सांगितले. तरीही मोठ्या चित्रपटगृह साखळ्यांनी एकामागून एक माघार घेतली आणि १७ तारखेला सोनीने २५ डिसेंबरचे प्रदर्शन रद्द केले.

पुढे काय झाले? हल्लेखोरांचा आणखी एक संदेश आला. तुम्ही शहाणपणाचा निर्णय घेतला, अशी त्यात शाबासकी होती आणि लगेच पुढची मागणीही होती: हा चित्रपट कोणत्याही स्वरूपात कधीच बाहेर येता कामा नये. मागणी पुरी झाली की धमकी देणारा गप्प बसतो, हा समज किती खोटा आहे, हे येथे अवघ्या दोन दिवसांत दिसले. त्याच सुमारास उत्तर कोरियाच्या पार्श्वभूमीवरचा आणखी एक चित्रपट दुसऱ्याच एका कंपनीने चित्रीकरणाआधीच सोडून दिला. त्या कंपनीला कुणी धमकी दिलेली नव्हती. एकाला दाखवलेला धाक दहा जणांना पुरतो, तो असा.

सोनीने चूक केली आणि आपल्याशी आधी बोलायला हवे होते, असे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा १९ डिसेंबरला जाहीरपणे म्हणाले. त्यावर सोनी पिक्चर्सचे प्रमुख मायकेल लिंटन यांचे म्हणणे असे, की आम्ही माघार घेतलेली नाही. चित्रपटगृहेच चित्रपट लावायला तयार नाहीत, तर आम्ही दाखवणार कुठे?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि खरा धडा त्या दोहोंच्या मध्ये आहे. चित्रपटगृहाच्या मालकाच्या जागी आपण क्षणभर उभे राहू. धमकी पोकळ असण्याची शक्यता मोठी, हे त्याला ठाऊक आहे. पण शेजारच्या चित्रपटगृहाने चित्रपट लावला नाही आणि आपण एकट्यानेच लावला, तर सगळा धोका आपल्याच माथी येणार. वर त्याच इमारतीतल्या इतर चित्रपटांचे नाताळातले प्रेक्षकही आपल्याकडे फिरकणार नाहीत. सगळ्यांनी लावला तर धोका वाटला जातो. पण 'सगळे लावतील' याची खात्री कोण देणार? प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि सगळेच मागे सरतात. सोनीच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन करणारे एक पत्रक अभिनेते जॉर्ज क्लूनी यांनी चित्रपटसृष्टीतल्या बड्या लोकांकडे पाठवले होते. त्यावर एकानेही सही केली नाही.

अखेर हा पेच सुटला तो असाच. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवांनी २४ डिसेंबरला चित्रपट इंटरनेटवर उपलब्ध केला. दुसऱ्या दिवशी ३०० हून अधिक लहान, स्वतंत्र चित्रपटगृहांनी तो लावला. कुठेही हल्ला झाला नाही. सरकारच्या वाट्याचे काम सरकारने २ जानेवारी २०१५ रोजी केले: उत्तर कोरियाच्या तीन संस्थांवर व दहा व्यक्तींवर नवे निर्बंध घातले. सोनीलाही आपल्या वाट्याची किंमत मोजावी लागली. आमची माहिती नीट सांभाळली नाही, म्हणून कर्मचाऱ्यांनी कंपनीवर दावा लावला आणि त्यात सुमारे ८० लाख डॉलरची तडजोड झाली. हल्लेखोर परका देश होता, या सबबीने कंपनीची स्वतःच्या माणसांविषयीची जबाबदारी संपली नाही.

घानामधला एक संगणक

सोनीला निदान आपल्यावर कुणाचा राग आहे हे माहीत होते. डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीशी कुणाचे भांडणच नव्हते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील 'एमईडॉक' या हिशेब ठेवण्याच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतून 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. लक्ष्य युक्रेन होते. अमेरिका व ब्रिटनने पुढे रशियाच्या लष्कराला याबद्दल जबाबदार धरले. पण जाळ्यात सोडलेल्या अशा प्रोग्रामला देशाची सीमा कळत नाही. मेर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयातही तो हिशेबाचा प्रोग्राम होता. तेवढे पुरले.

तोपर्यंत जगातल्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा वाहणारी ही कंपनी काही तासांत आंधळी झाली. आपल्याकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मेर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम अडले आणि कंटेनरचे ट्रक खोळंबले. कीव्हमध्ये पेटलेली ठिणगी उरणपर्यंत आली ती अशी.

नॉटपेट्याची चाल समजून घेण्याजोगी आहे. विंडोज प्रणालीतल्या एका दोषाचा तो फायदा घेत असे. हा दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण ज्यांनी दुरुस्ती केली होती तेही वाचले नाहीत. कारण एका संगणकात शिरला की तो त्याच्या स्मृतीतले पासवर्ड वेचून घेई आणि त्या किल्ल्यांनी शेजारचे, दुरुस्त केलेले संगणकही उघडी. एकच किल्ली सगळ्या खोल्यांना लागत असेल, तर प्रत्येक खोलीला नवे कुलूप लावून उपयोग काय?

मेर्स्ककडे माहितीच्या प्रती नव्हत्या असे नाही. कुणाला कशात शिरण्याची परवानगी आहे, याची नोंदवही सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते. त्यातला प्रत्येक दुसऱ्याची प्रत होता, म्हणून एखादा बंद पडला तरी चिंता नव्हती. मात्र सगळे एकाच वेळी जातील, असा विचार कुणी केला नव्हता. आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने एकदमच गेले. वाचला तो फक्त घाना देशातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. तिथून माहिती तारांवरून पाठवायला फार वेळ लागला असता. म्हणून ती डिस्क माणसाच्या हाती नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला आणली गेली. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार वैयक्तिक संगणक नव्याने मांडावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

घानामधली वीज योगायोगाने गेली. सांगायचे ते इतकेच की, जी प्रत मूळ माहितीशी सतत जोडलेली आहे, ती संकटकाळची प्रत नव्हे. निदान एक प्रत जाळ्यापासून वेगळी, कुलपात हवी.

मेर्स्कची आणखी एक गोष्ट अनुकरणीय आहे. आपल्या यंत्रणा बंद पडल्याचे कंपनीने त्याच दिवशी जाहीर केले, आणि पुढे जानेवारी २०१८ मध्ये तिच्या अध्यक्षांनी झाल्या प्रकाराची आकडेवारीच जगापुढे ठेवली. आज इतर कंपन्या त्यावरून शिकतात.

लपवायचे की सांगायचे?

सांगण्याला किंमत असते. १२ जानेवारी २०१० रोजी गूगलने जाहीर केले की, आपल्यावर चीनमधून हल्ला झाला आहे, बौद्धिक संपत्ती चोरली गेली आहे आणि चीनमधील मानवी हक्क कार्यकर्त्यांची ई-पत्रे वाचण्याचा प्रयत्न झाला आहे. असेच हल्ले आणखी निदान वीस कंपन्यांवर झाले असल्याचेही तिने सांगितले. त्यांपैकी बहुतेकांनी मौन पाळले. गूगलने चिनी सरकारच्या सांगण्यावरून शोधाचे निकाल गाळणे थांबवले आणि मार्चमध्ये आपली चिनी शोधसेवा हाँगकाँगला हलवली. मोठी बाजारपेठ तिच्या हातची गेली. पण इतर कंपन्यांना आपापले संगणक तपासता आले, आणि ज्या कार्यकर्त्यांवर पाळत होती त्यांना सावध होता आले. २०१२ पासून, एखाद्या सरकारचे हस्तक तुमच्या खात्यात शिरू पाहत आहेत, अशी सूचना गूगल वापरकर्त्यांना देऊ लागली.

मौनाचे नुकसान असे, की हल्लेखोर तेच हत्यार घेऊन पुढच्या दाराशी जातो. सोनीमागे असलेल्या देशाचे पुढचे बळी पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमने 'या खात्यातून पैसे देऊ का?' असे विचारले की तो प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. हल्लेखोरांनी मध्येच एक खोटा उत्तर देणारा बसवला. तो सगळ्यांनाच 'द्या' म्हणत राहिला. बनावट कार्डे घेऊन तयार असलेल्या माणसांनी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. उत्तर कोरियावरील निर्बंधांचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खाती जमा केली. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये एटीएम प्रकरणातल्या ११ जणांना शिक्षा सुनावली. ते होते एटीएमशी उभी राहिलेली प्यादी.

उलट वार का करू नये?

वर्गात हा प्रश्न हमखास निघेल: 'कंपनीनेही त्यांचे संगणक का पाडू नयेत?' एक तर हे बेकायदा आहे, आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही आणि अमेरिकेच्या कायद्यानेही. पण कायदा तसा का आहे, ते अधिक महत्त्वाचे. हल्ला ज्या संगणकावरून आलेला दिसतो, तो बहुधा एखाद्या तिऱ्हाइताचा असतो. कदाचित एखाद्या विद्यापीठाचा किंवा रुग्णालयाचा. उलट वार केला तर तो त्यालाच लागणार. शिवाय समोर खरोखर एखादे राष्ट्र असेल, तर एका कंपनीच्या रागापायी दोन देशांत ठिणगी पडू शकते, आणि तिचे चटके बसणाऱ्यांना त्या निर्णयात काहीच बोलता आलेले नसते. शिक्षा देणे हे सरकारचे काम. ते त्याच्याकडेच राहू द्यावे.

मग कंपनीने काय करावे?

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून आम्हांला पुढील नियम सुचतात.

१. हल्ला होणार असे धरून आधीच तयारी करावी. जाळ्याचे कप्पे पाडावेत, किल्ल्या वेगळ्या ठेवाव्यात, एक प्रत जाळ्याबाहेर ठेवावी आणि त्या प्रतीवरून काम खरोखर उभे राहते का, याचा वर्षातून निदान एकदा सराव करावा.

२. जे साठवायची गरज नाही ते साठवू नये. जे नाही, ते चोरीला जात नाही. दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाचा ओळखक्रमांक कशाला हवा?

३. पहिल्या दिवशीच कळवावे. भारतात संगणकीय आपत्तींसाठी २००४ पासून 'सर्ट-इन' ही सरकारी यंत्रणा आहे आणि २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना सहा तासांच्या आत तिला कळवावी लागते. ज्यांची माहिती गेली, त्यांना तर सर्वांत आधी सांगावे.

४. यंत्रांची दुरुस्ती आणि धमकीचे उत्तर ही दोन कामे वेगळी ठेवावीत. पहिले तंत्रज्ञांचे आहे. दुसरे संचालकांचे आहे आणि तेथे प्रश्न एकच विचारावा: धमकी नसती तर आपण काय केले असते? माणसांच्या जिवाला खरा धोका असेल, तर तो किती हे पोलीस व सरकारकडून जाणून घ्यावे. नुसत्या भीतीने निर्णय बदलू नये.

५. एकटे उभे राहू नये. त्याच व्यवसायातल्या इतरांशी आधीच ठरवून ठेवावे, की एकावर धमकी आली तर सगळे सोबत राहतील. हा करार संकटाच्या दिवशी होत नाही, हे क्लूनी यांच्या पत्रकाने दाखवले आहे.

६. विम्यावर विसंबू नये. नॉटपेट्यात मर्क या औषध कंपनीचे सुमारे १४० कोटी डॉलरचे नुकसान झाले. हे युद्ध आहे आणि युद्धाला आमचा विमा लागू नाही, असे म्हणून विमा कंपन्यांनी हात झटकले. न्यायालयाने मर्कच्या बाजूने कौल दिला, पण त्याला काही वर्षे लागली.

वर्गासाठी एक प्रयोग

धाकाचे गणित मुलांना व्याख्यानापेक्षा खेळातून लवकर उमगते. दहा विद्यार्थ्यांना दहा चित्रपटगृहांचे मालक करा. प्रत्येकाने चिठ्ठीवर 'लावतो' किंवा 'लावत नाही' एवढेच लिहायचे. सात किंवा अधिक जणांनी 'लावतो' लिहिले, तर लावणाऱ्या प्रत्येकाला पाच गुण. सातांपेक्षा कमी जणांनी लिहिले, तर लावणाऱ्या प्रत्येकाचे पाच गुण वजा. 'लावत नाही' लिहिणाऱ्याला कायम एक गुण. पहिल्या फेरीत कुणी कुणाशी बोलायचे नाही. दुसऱ्या फेरीआधी पाच मिनिटे चर्चा करू द्या. दोन्ही फेऱ्यांतल्या 'लावतो' चिठ्ठ्या फळ्यावर मांडा.

आकडे बदलले असतील, तर मुलांना विचारा: दोन फेऱ्यांच्या मध्ये धमकी कमी झाली होती का? नव्हती. मग बदलले काय? आणि आकडे बदललेच नसतील, तर चर्चेत काय राहून गेले, हे त्यांनाच शोधू द्या.